रात्रीचं औषध

कपाटाच्या तळाशी, ढमीच्या लहान झालेल्या कपड्यांखाली ठेवलेलं पाकीट तिने उचललं, आणि ते हाताला फारच हलकं लागलं.

बाळंतपणानंतर वापरायचे ते जाड पॅड होते. दवाखान्यातून घरी येताना नवऱ्याने घाबरून एकदम चार पाकिटं घेतली होती. त्यातली दोन फोडायची वेळच आली नव्हती. ती तिने स्वतःच्या हाताने इथे ठेवली होती. आता दोन्ही फोडलेली होती. एक तर पूर्ण रिकामं होतं, आणि त्याची चौकोनी घडी घालून ती दुसऱ्याच्या आत सरकवलेली होती.

रिकाम्या पाकिटाचीही घडी घालणारं माणूस घरात एकच होतं.

स्वयंपाकघरात आई नातीला केळं भरवत होती. नात अकरा महिन्यांची. तिचं खरं नाव कागदोपत्री होतं. आजीने पहिल्या दिवशी गाल पाहून ‘ही तर ढमी’ म्हटलं आणि तेच चिकटलं.

“हॅलो, हॅलो, केळं बोलतंय,” आई चमचा कानाशी धरून सांगत होती. “तोंड उघडा बाई, लाइन मोकळी करा. मागे चार कॉल थांबलेत.”

ढमीने आ केला.

“आई, हे तू वापरलेस?”

आईने वळून पाहिलं. चमचा ढमीच्या तोंडासमोर तसाच राहिला.

“थोडंसं होतं,” ती म्हणाली. “उष्णतेचं असेल.”

“थोडंसं म्हणजे?”

“अगं, डाग.”

“डागांना दोन पाकिटं लागतात?”

ढमीने चमच्यावर हात मारला. केळं आईच्या बाहीवर उडालं. आईने ते बोटाने निपटलं आणि पुन्हा चमच्यात घेतलं, जणू विचारलेलं सगळं बाहीवरच्या त्या डागाविषयीच होतं.

“कधीपासून?”

“दोनेक महिने झाले असतील. तारखा कुठे लिहून ठेवू मी?”

“तुझी पाळी जाऊन सात वर्षं झाली, आई.”

“म्हणून तर वाटलं, पाहुणी आलीय, जाईल चार दिवसांनी आपली आपण.” आई हसली. लेक हसत नाही हे पाहून तिने तोंड ढमीकडे वळवलं. “चला, शेवटचा कॉल.”

ती दाराला टेकून उभी राहिली. हॉस्पिटलच्या ज्या लॅबमध्ये ती काम करत होती तिथे रोज अशा बायका येत, म्हणजे त्या नाही, त्यांचे तुकडे येत. बोटभर डबीत, औषधी पाण्यात तरंगणारे, लालसर. सोबतच्या फॉर्मवर वय आणि एक ओळ: पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव. ती ओळ तिने इतक्या वेळा वाचली होती की आताशा तिची नजर त्यावरून घसरून थेट नंबरावर जायची.

*

सोनोग्राफीच्या कागदावर पंधरा मिलिमीटर असं लिहिलेलं होतं. डॉक्टरबाईंनी त्याखाली पेनाने रेघ ओढली.

“पाळी गेल्यावर गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, मावशी. चार-पाचच्या आत असावं. तुमचं तिप्पट दिसतंय. कुठलं हार्मोनचं औषध चालू आहे?”

आईने पर्समधून एक ट्यूब आणि एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दोन वर्षांपूर्वी, ती अजून स्वतःच्या गावी राहत होती तेव्हा, तिथल्या डॉक्टरांनी दिलेलं. अंगातून अशा वाफा यायच्या की भर थंडीत ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. बोटांचे सांधे धरायचे, झोप तर नव्हतीच. त्या औषधाने तिला माणसात आणलं होतं.

“सकाळी दंडाला चोळता ते हे जेल, आणि रात्री ही कॅप्सूल. बरोबर?” डॉक्टरबाईंनी दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या. “जेलने तुमच्या वाफा थांबतात, हाडं नीट राहतात. पण ते गर्भाशयालाही सांगत राहतं, अस्तर वाढव, वाढव. ही कॅप्सूल त्याला म्हणते, पुरे. दोघी बरोबर असल्या की संसार नीट चालतो. नुसतंच जेल घेतलं तर अस्तर वाढत राहतं, आणि वाढता वाढता एखाद दिवशी बिघडतं. कॅन्सरपर्यंतही जातं.”

आईने पर्सची चेन लावली. पुन्हा उघडली.

“ही झोपेची नाही?” तिने विचारलं.

“हिने झोप येते म्हणून रात्री देतो. पण झोपेसाठी नाही देत.”

चेन लागली.

“दोन्ही रोज घेता ना?”

“हो,” आई म्हणाली. पर्सकडे बघत.

“मध्येच सुटत नाही?”

आई काही बोलणार त्याआधी लेकच बोलली. “मी स्वतः पाणी देते, डॉक्टर. रोज नऊ वाजता. माझ्यासमोर घेते.”

आईने मान वर करून लेकीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या गर्भाच्या चित्राकडे. डॉक्टरबाईंनी फॉर्मवर लिहिलं: दोन्ही औषधे नियमित.

तुकडा त्याच दिवशी घेतला. आत गेलेली आई दहा मिनिटांनी भिंतीला हात लावत बाहेर आली. ओठ पांढरे पडले होते.

“तुमच्याच लॅबमध्ये जाणार ना ते?”

“हो.”

“मग तू नको बघूस,” आई म्हणाली. “तू तिथून आलेली आहेस.”

*

लॅबमध्ये तसा लेखी नियम नव्हता, पण नातलगाचा ब्लॉक नातलगाने कापायचा नाही असं सगळे पाळत. ट्रेमधला नंबर ओळखून तिने हात मागे घेतला. ज्यांना सगळी लॅब मामा म्हणायची ते म्हातारे तंत्रज्ञ उठले, तो ब्लॉक उचलून आपल्या टेबलावर घेऊन गेले.

मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात रुतवलेला तुकडा. मशीनच्या पात्यासमोर तो बसवायचा आणि चाक फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला केसाहून कितीतरी पातळ असा एक काप निघतो. काप एकमेकांना चिकटून मेणाची रिबीन होते. ती ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद टिपायची. हात थरथरता कामा नये आणि डोळे तारवटलेले असता कामा नयेत, एवढीच त्या कामाची अट.

भिंतीकडे तोंड करून ती मामांच्या चाकाचा आवाज ऐकत राहिली.

एकदा तिच्या हातून ती अट मोडली होती. रजा संपून ती कामावर परत आली त्याला तीन आठवडे झाले होते. नवरा दुसऱ्या शहरात पुलाच्या कामावर, पंधरवड्याने येणारा. तिला एकटीला झेपेना म्हणून आई आपलं घर बंद करून राहायला आली होती. “रात्रीचं मी बघते,” आल्या आल्या तिने जाहीर केलं होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केलेली बाई. दुसरी रिंग कधी वाजू दिली नाही, हा तिचा एकच गर्व होता आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पण ढमी रडायची आणि आईला जाग यायची नाही. पाळणा तिच्या उशाशी, आणि ती तोंड किंचित उघडं टाकून विहिरीच्या तळाशी पडल्यासारखी झोपलेली. पलीकडच्या खोलीतून लेकच उठून यायची. एकदा, दोनदा, चारदा. अशा एका रात्रीनंतरच्या सकाळी ती पात्यासमोर बसली. ब्लॉकवरचं मेण छिलून तुकड्यापर्यंत पोचायचं होतं. चाक फिरवता फिरवता क्षणभर डोळा लागला असावा. भानावर आली तेव्हा ठोकळ्यात तुकडा उरलाच नव्हता. कुणा बाईचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा छिलून कचऱ्यात गेला होता. त्या बाईला पुन्हा बोलावलं, पुन्हा टोचलं. लॅबच्या मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन चपलाही न काढता ती आईला म्हणाली होती, “काल अर्धा तास रडत होती ढमी. तुला जागच येत नाही, तर तू इथे येऊन उपयोग काय, आई?”

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली. “सवय मोडलीय,” म्हणाली. “येईल परत.”

आणि खरंच आली. त्या रात्रीपासून ढमीने पहिला सूर लावला की आई उठलेली असायची. गेले साडेपाच महिने लेक सलग झोपत होती. आईच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं, पण ते वयाचं असेल असं तिला वाटायचं. खरं तर वाटायचंही नाही. ती बघायचीच नाही.

मामांचं चाक थांबलं.

दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं. रिपोर्ट देणाऱ्या त्याच. सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता त्या म्हणाल्या, “आधी हे ऐक. कॅन्सर नाही.”

तिने खुर्चीची पाठ धरली.

“पण बघ इकडे.” समोरच्या दुसऱ्या भिंगातून तिने पाहिलं. गुलाबी-जांभळ्या ग्रंथी, एकीला एक खेटून, वाकड्यातिकड्या, मधली जागाच संपलेली. “पेशी अजून सरळ आहेत, पण दाटी बघ. वाढतच चालल्यायत आणि कुणी आवरायला नाही. मला विचारशील तर हे दोन्ही औषधं घेणाऱ्या बाईचं अस्तर नाही वाटत. कॅप्सूल नक्की घेते?”

“नक्की, मॅडम. मी स्वतः पाणी देते.”

दाराशी काचांवर नंबर लिहीत बसलेले मामा म्हणाले, “पाणी तू देतेस, पोरी. गिळणारी तू नाहीस.”

“माझी आई खोटं बोलत नाही, मामा.”

“माझी बोलायची,” मामा म्हणाले आणि पुढची काच घेतली. “जेवलेय म्हणायची.”

*

“सरळ सांगते, मावशी,” रिपोर्ट वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज काही वाईट नाही. पण हे असंच सोडता येत नाही. कॅप्सूल चुकत असती तर मी म्हटलं असतं, औषधानेच परत आटोक्यात आणून बघू. पण तुम्ही ती रोज घेताय आणि तरी एवढं वाढलंय. म्हणजे तुम्हाला ती लागू पडत नाही. मग वाट बघण्यात धोका आहे. गर्भाशय काढलेलं बरं.”

“काढा,” आई म्हणाली.

लेकीने चमकून पाहिलं. आईची धाकटी बहीण एका साध्या ऑपरेशनला गेली होती आणि भुलेतून उठलीच नव्हती. तेव्हापासून आईने दाढसुद्धा सुई न घेता उपटून घेतली होती, खुर्चीचे हात आवळून. ती बाई ‘काढा’ म्हणत होती, भाजीचं देठ काढा म्हणावं तसं.

“आई, भूल द्यावी लागेल.”

“देतीलच की. आता काय उपयोग आहे त्याचा, जागा अडवून बसलंय.” मग तिने डॉक्टरबाईंना विचारलं, “किती रात्री राहावं लागेल?”

“तीन-चार.”

“तेवढ्या रात्री? घरी एक लहान पोर आहे हो. रात्रीची उठते.”

बुधवार ठरला. परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. ढमीला कुठल्या कुशीवर थोपटायचं, दूध किती कोमट, पहिल्या रडण्याला लगेच उचलायचं नाही पण दुसऱ्याला थांबायचंही नाही, हे सगळं तिने लेकीला सांगितलं. लेक ऐकत होती. तिला आईचा हात दिसत होता, मांडीवरच्या पर्सवर ठेवलेला. तो चेन उघडत होता आणि लावत होता.

*

शनिवारी दुपारी आई ढमीला घेऊन खालच्या बागेत गेली, तेव्हा तिने आईची उशी उचलून पाहिली. मग गादीखाली. मग स्वेटरचे खिसे. स्वतःच्या घरात चोरासारखे कान बाहेर लावून. औषधांच्या पिशवीत रिकामी पाकिटं महिन्यांप्रमाणे लावून रबर बँडने बांधलेली सापडली, प्रत्येक खळगा फोडलेला. एकही कॅप्सूल शिल्लक नव्हती. तिचा चेहरा गरम झाला. सगळं जागच्या जागी ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि मामांवर मनातल्या मनात चिडली.

फडताळावर दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे होते. आई एकही फेकू द्यायची नाही. ती बागेत आहे तोवर तरी ही अडगळ काढू, म्हणून लेक स्टुलावर चढली आणि एकेक डबा खाली उतरवू लागली. हलके, पोकळ वाजणारे. एक, दोन, तीन. पाचवा हाताला जड लागला.

झाकण घट्ट होतं. चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं.

आत कॅप्सूल होत्या. पिवळट पांढऱ्या, वाटोळ्या. खालच्या शेगडीच्या उकाड्याने मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांचा एक आंधळा गोळा झाला होता, डबा हलवला तरी न वाजणारा. त्याच्यावर दहा-बारा सुट्या होत्या. आणि अगदी वर एक होती, अजून तकाकी असलेली. कालची. काल रात्री नऊ वाजता तिने पेला पुढे केला होता, आईने मान मागे टाकली होती, घटाघटा पाणी प्यायली होती आणि पेला परत देताना म्हणाली होती, “जा, झोप तू आता. सकाळी पात्यावर बसायचंय.”

ती स्टुलावरच बसली. डबा मांडीवर घेऊन.

आई परत आली तेव्हा डबा टेबलावर होता. झाकण बाजूला.

आईने आधी ढमीला खाली ठेवलं. तिचे बूट काढले. हात धुतले, पुसले. मग म्हणाली, “डबे काढायला कुणी सांगितलं होतं तुला?”

लेकीने डबा तिच्याकडे सरकवला.

“फेकणार नव्हते मी. ही रात्रभर झोपायला लागली की परत सुरू करणार होते.” आई खुर्चीच्या कडेवर टेकली. “मला वाटलं, जेल हेच खरं औषध. आणि हे आपलं झोपेचं. मला कुठे झोपायचं होतं?”

“आणि डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर?”

“तेव्हा तू बोलून बसलीस. पाणी देते म्हणून. तिथे त्यांच्यासमोर तुला खोटं पाडू?”

“म्हणून पोट फाडून घ्यायला निघालीस?”

“फाडत नाहीत आता. दुर्बिणीने करतात म्हणे.”

“आई!”

ढमी दचकली. दोघींकडे आळीपाळीने बघून तिने ओठ काढला. आईने पायाने तिच्याकडे एक रिकामा डबा ढकलला, आणि ढमी तो बडवू लागली. त्या आवाजात बोलणं सोपं झालं.

“माझ्या बोलण्यामुळे,” लेक म्हणाली. “त्या दिवशीच्या.”

“तुझं काय चुकलं त्यात? पोर रडतंय आणि मी घोरतेय. एक्स्चेंजमध्ये असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात असता.” आईने टेबलावरचा नसलेला कचरा तळहाताने गोळा केला, कडेपर्यंत आणला. तिथे हात थांबला.

“मला परत पाठवणार आहेस का?” तिने विचारलं.

तिकडे आईचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबा गेल्यापासून तिथे एकच ताट धुतलं जायचं. कोपऱ्यात एक्स्चेंजने निवृत्तीच्या वेळी भेट दिलेला फोन होता, तारेशिवायचा, धूळ पुसून ठेवलेला.

लेक उठली. आईच्या खोलीत गेली आणि पाळणा ओढू लागली. तो दारात अडकला. तिने रेटून पाहिलं, मागे घेतला, पुन्हा रेटला. चौकटीचा रंग खरवडला गेला.

“तिरका घे,” आई मागून म्हणाली. “डावीकडून. घर तुझंच आहे, पाडशील ते.” आणि येऊन तिने दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून पाळणा पलीकडच्या खोलीत नेला, लेकीच्या पलंगाला लावून ठेवला. आईने त्याची चादर उगाचच दोनदा सारखी केली.

*

डॉक्टरबाई डब्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “तुम्ही दोघींनी मला चांगलंच बनवलंत.” बुधवार रद्द झाला. जेल बंद. रात्रीचं औषध, आता दुप्पट. तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा घ्यायचा. “उतरलं तर उतरलं,” त्या म्हणाल्या. “नाही उतरलं, किंवा पेशी वाकड्या दिसल्या, तर मी काही ऐकणार नाही. आणि उतरेलच असं मी म्हणत नाहीये.”

जेल बंद झाल्यावर आठ दिवसांत वाफा परत आल्या. आई बोलता बोलता थांबायची, मानेपासून कपाळापर्यंत लाल व्हायची आणि सोनोग्राफीच्या मोठ्या पाकिटाने वारा घेत बसायची. पेला धरताना बोटं पूर्ण मिटायची नाहीत. विचारलं तर म्हणायची, “काही नाही, जुने कॉल आहेत.”

लॅबमध्ये लेकीने मामांना सांगितलं की तीन महिने मला पात्यावर बसवू नका. रंग द्यायचं, लेबलं लावायचं काम द्या. मामांनी कारण विचारलं नाही. आपली खुर्ची पात्यासमोर सरकवून ते बसले.

दुप्पट औषधाच्या पहिल्या रात्री नऊ वाजता तिने पाणी दिलं होतं. आईने दोन्ही कॅप्सूल जिभेवर ठेवल्या, प्यायली, आणि मग कुणी न सांगता ढमीसारखा मोठा आ केला. जीभ उचलून दाखवली.

“बघ. लाइन मोकळी आहे.”

लेकीने वाकून पाहिलं. खरंच पाहिलं, नीट, दाढांच्या रिकाम्या जागेपर्यंत. मग दिवा मालवला.

सकाळी आई उशिरा उठली. गालावर उशीचे वळ, केस एका बाजूला चपटे झालेले, डोळे अजून पुरते न उघडलेले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने आधी ढमीकडे पाहिलं. ती जमिनीवर बसून डबा बडवत होती. मग लेकीकडे. लेक कामावर जायच्या कपड्यांत होती. केस बांधून झाले होते, पण ब्लाउजची बटणं एकेक घर चुकून लागली होती.

“रडली का गं रात्री?”

“नाही,” लेक म्हणाली. “एकदाही नाही.”

आई आत आली. ओट्यावर जाळीत दुधाच्या तीन बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या. त्यांच्या तोंडांखाली पाण्याचे तीन गोल साचले होते.

“शहाणी झाली,” आई म्हणाली. तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि बाटल्या पुसायला लागली. पहिली, मग दुसरी, मग तिसरी.